आप्पांच्या मागचं गाव

सासुरवाडीला जाताना जावयाने हात हलवत जाऊ नये, असं आमच्या बार्शीकडे म्हणतात. मी पेढे नेले, सासूबाईंना लुगडं नेलं आणि खांद्याला कॅमेऱ्याची बॅग अडकवली. पेढे दुसऱ्या दिवशी संपले, लुगडं कपाटात गेलं. कॅमेऱ्याने मी तिथे जे करून आलो ते मात्र काही केल्या मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. तिकडचे डोंगर, तिकडचं जेवण, जुन्नरचा बाजार हे सगळं यात येईल, कारण ते वाटेत होतंच. पण सहलीची मजा वाचायला मिळेल अशा आशेने कुणी वाचू नये, एवढं आधीच सांगतो.

मी लग्नांचं शूटिंग करतो. पूर्वी खांद्यावर घ्यायचे मोठे व्हिडिओ कॅमेरे होते. त्यांत नवरदेवापासून आचाऱ्यापर्यंत सगळे सारखेच स्पष्ट दिसत. मग डीएसएलआर आले. हा मुळात फोटोचा कॅमेरा, पण व्हिडिओही काढतो, आणि लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की समोरचा चेहरा लख्ख येतो आणि त्याच्या मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होऊन जातं. मांडवामागचा पत्रावळ्यांचा ढीग, उघडं गटार, रुसून कोपऱ्यात बसलेला मामा, काही म्हणजे काही दिसत नाही. आमच्या धंद्यात याला ‘ब्लर’ म्हणतात आणि गिऱ्हाईक त्याच्यावर जीव टाकतं. "भाऊ, मागचं ब्लर येईल ना?" हाच पहिला प्रश्न असतो. लोकांच्या मागचं पुसून देणं हीच माझी रोजीरोटी आहे.

पिंपरी पेंढार

बार्शीहून नगर आणि नगरहून आळेफाटा हा प्रवास मे महिन्यात कसा होतो ते ज्याने केला त्याला माहीत आहे, इतरांनी माहीत करून घेऊ नये. फाट्यावर माझा मेहुणा मिलिंद पिकअप घेऊन उभा होता. तो याच गाडीतून लोकांचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवतो. सुनीता, म्हणजे माझी बायको, पुढे त्याच्या शेजारी बसली आणि मी मागे रिकाम्या क्रेटांमध्ये, कॅमेऱ्याची बॅग लेकरासारखी मांडीवर घेऊन.

यांचं मूळ गाव हे नव्हे. मूळ गाव आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी होतं, ते डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तेव्हा सासूबाईंच्या भावाच्या आधाराने हे कुटुंब इकडे जुन्नर तालुक्यात आलं आणि इथलंच झालं. विटांचं घर आहे, पुढच्या खोलीत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मागे कांदा साठवायची चाळ आणि चाळीपलीकडे उसाचं रान. आमच्याकडे रानात जाताना माणूस सापाला भितो. इथे बिबट्याला भितात. शेजारची एक बाई खुरपत होती, तिच्या गळ्यात खिळे बाहेर काढलेला पट्टा होता, कारण बिबट्या आधी मान धरतो. मला राहवलं नाही. मी कॅमेरा काढून तिचा व्हिडिओ घेतला आणि तिला स्क्रीनवर दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"माझ्या मागचा ऊस कुठं गेला?" तिने विचारलं.

"ब्लर केला, मावशी. चांगलं दिसतं."

"त्यातनंच येतो की त्यो," ती म्हणाली आणि परत खुरपायला लागली. मी हसलो. आता वाटतं, त्या बाईचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

रात्रीच्या जेवणाला मासवडी होती. नावावर जाऊ नका, मासा नाही की मटण नाही. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसूण, कांदा भरून वळकटी करतात, कापतात आणि झणझणीत पातळ रश्शात बुडवून भाकरीबरोबर खातात. आमच्या स्वयंपाकात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय पान हलत नाही. इथे त्या जागी तीळ-खोबरं. मी चांगला आडवा हात मारला. समोर माझे सासरे, आप्पा, शांतपणे जेवत होते. दुपारी त्यांनी मला नावाने हाक मारली होती, बार्शीच्या पावसाची चौकशी केली होती. जेवता जेवता त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारलं, "हे पावणं कुठलं म्हणायचं?"

सुनीताने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. हे आता कमी न होता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळी ते बरे असतात, उन्हं उतरली की माणसं आणि जागा त्यांच्या हातून निसटायला लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी मला चुलीपाशी बोलावलं. त्या भाकऱ्या थापत होत्या. सासूबाई जावयाशी तोंड भरून बोलत नाहीत, आमच्याकडेही नाही आणि इथेही नाही, म्हणून मला जरा नवल वाटलं.

"तुमचा तो कॅमेरा आणलाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आणलाय ना. काढू का तुमचा एक?"

"माझा नगं." त्या तव्याकडेच बघत बोलत होत्या. "सुनीच्या आधी मला एक पोरगी झालती. सव्वा महिन्याची असंल, तापानं गेली. लहान लेकराला जाळीत न्हाईत, पुरत्यात. आन् बायांनी मागं जायचं नस्तं तवा. ह्यांनी आन् ह्यांच्या भावानं नेली. मला दारातनंच दिसलं, जाताना."

"कुठं पुरलं ते तुम्हाला दाखवलं नाही?"

"मी दोनदा इचारलं. म्हन्ले, हाय तिकडं वस्तीच्या खाली. मग परत तोंड नाय उघडलं. मीबी नाय इचारलं. मग धरण झालं, पाणी आलं." त्यांनी भाकरी उलटली. "भाऊ त्यांचा गेला. आता ह्यांच्याबिगर कुणालाच ठावं न्हाई. आन् ह्यांचं हे असं चाललंय. औंदा पाणी लई खाली गेलंय, आपली वस्ती उघडी पडलीय म्हनत्यात. माझ्या गुडघ्यांनी मला उतरायचं व्हत न्हाई. तुमी ह्यांना घेऊन जावा आन् ती जागा मला कॅमेऱ्यात आणून दावा. एवढंच."

मी हो म्हणालो. इतकं सोपं काम कुणी मला आयुष्यात सांगितलं नव्हतं, असंच मला त्या वेळी वाटलं.

जुन्नर

निघायच्या आधी बॅग उघडून बघितली तर ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायची प्लेट बार्शीलाच दुसऱ्या कॅमेऱ्याला लावलेली राहिली होती. चार बोटांची वस्तू, पण तिच्याविना ट्रायपॉड म्हणजे नुसती तीन पायांची काठी. म्हणून आप्पा, मिलिंद आणि मी वाटेत जुन्नरला थांबलो. एसटी स्टँडवरून बाजारपेठेत शिरलो, जुने बोळ, भांड्यांची दुकानं, त्यातून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. आप्पा त्या सकाळी इतके ताजेतवाने होते की त्यांना काही झालं आहे असं वाटूच नये. कुठल्या बोळात कुणाचं दुकान होतं, हिरडा विकायला यायचं तेव्हा बैल कुठे बांधायचे, सगळं सांगत होते. आम्हाला हुरूप आला. मिलिंद माझ्या कानात म्हणाला, "दाजी, आज काम फत्ते."

एका फोटो स्टुडिओत चौकशी केली. मालक गडी माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. त्याच्याकडच्या प्लेटा माझ्या ट्रायपॉडला बसेनात.

"हातानंच मारा की राव," तो म्हणाला. "जरा हललं तर पिक्चरवानी वाटतंय. कशाचं शूट हाय?"

"सासऱ्यांचं. त्यांच्या जुन्या गावाचं."

"मग पन्नासची लेन्स लावा. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आन् मागं ब्लर. लोकं रडत्याल बघा."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. पन्नासची लेन्स मी सकाळीच लावून ठेवली होती.

धरणाच्या पोटात

जुन्नरहून घोडेगाव आणि तिथून पश्चिमेला डिंभे. घोडेगावात वडापाव खाल्ला. पुढे डोंगर जवळ यायला लागतात. आमच्याकडे नजर टाकाल तिथवर सपाट आणि आभाळ फार, इथे आभाळ डोंगरांनी कापून लहान केलेलं. मे संपत आलेला, त्यामुळे सगळं करपलेलं, करवंदाच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या. आणि खाली ते धरण. पाणी मधोमध आकसून बसलेलं आणि चहूबाजूंनी उघडा पडलेला गाळ, पाणी जसं जसं उतरलं तशा त्याच्यावर एकाखाली एक रेघा उमटलेल्या. जुना डांबरी रस्ता सरळ त्या गाळात उतरत जातो आणि तिथेच संपतो. रस्ता असा गावाविना संपलेला मी कधी पाहिला नव्हता.

तिथेच पिकअपचं मागचं चाक पंक्चर झालं. मिलिंद चाक बदलायला थांबला. "तुमी व्हा म्होरं, मी आलोच," तो म्हणाला. म्हणून खाली उतरलो ते मी आणि आप्पा दोघंच.

आप्पा पुढे आणि मी मागे. भेगाळलेल्या मातीवरून हा माणूस असा चालला होता जणू रोजच संध्याकाळी इथून घरी येतो. घरांची जोती उरली होती, दगडांच्या चौकोनी ओळी. झाडं धरणाआधीच तोडून नेलेली, त्यांची काळी खोडं जागोजागी. "हे समाजमंदिराचं जोतं," आप्पा म्हणाले. "हितं मी पंचशील शिकलो. हे आमचं घर. ही चूल." मी कॅमेरा सुरू केला.

कॅमेऱ्याची थोडी माहिती इथे द्यायलाच हवी. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ घेताना डोळा लावायची वरची खिडकी काळी होते, मागच्या छोट्या स्क्रीनवर बघावं लागतं. उन्हात त्या स्क्रीनवर काही दिसत नाही, म्हणून तिच्यावर रबराची नळी लावायची आणि त्या नळीला डोळा चिकटवायचा. इतकं ऊन असताना लेन्सचं तोंड उघडं ठेवलं तर चित्र पांढरं फटक पडतं, म्हणून पुढे काळी काच लावायची. बोलणाऱ्याच्या छातीला माईक. नाकापेक्षा मोती जड अशातला प्रकार, पण माझ्याकडे सगळं होतं. उघड्या उन्हातसुद्धा मागचं पुसायची सगळी सोय मी करून नेली होती.

"आप्पा, जरा इकडे या, इथे उजेड चांगला पडतोय," मी म्हणालो. ते आले. "आता सांगा. कुठे ते?"

आप्पा बोलायला लागले. त्यांचा चेहरा स्क्रीनभर होता, मी श्वास रोखून त्यांच्या डोळ्यांवर फोकस धरून होतो. असा फोकस हलत्या हाताने धरणं सोपं नसतं, माणूस वीतभर पुढे-मागे झाला तरी जातो.

"ते बघा. त्या खोडाच्या ह्या अंगाला. तिथनं जरासं खाली. त्यो धोंडा दिसतोय का, उभा? त्याच्या बुडाला. त्यो मीच ठिवलाय. मी आन् भाऊ व्हतो. माती मऊ व्हती, कुदळ लागली न्हाई. ह्या हातांनी..." त्यांनी दोन्ही हात वर केले आणि फोकस सरकून हातांवर गेला. बोटांच्या भेगा न् भेगा दिसल्या. मग परत चेहऱ्यावर आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यातला निम्मा काटा चित्र किती सुंदर आलंय याचा होता.

मग आप्पा खाली वाकले आणि त्यांनी एक दगड उचलला.

"आप्पा, काय करताय?"

"खुणंला चार दगूड रचून येतो तिथं. पुन्यांदा कुनी आलं तर गावाया पायजे."

"राहू द्या हो. सगळं आलंय कॅमेऱ्यात. तुम्ही सरळ उभे राहा, फोकस जातोय."

आप्पांनी दगड टाकला. हात झटकले. "बरं," ते म्हणाले. "तुमचं काम हाय ते, तुमाला कळतंय."

मिलिंद आला तेव्हा आम्ही परत वर चढत होतो. घोडेगावात येईपर्यंत आप्पांनी मला दोनदा विचारलं की आपण कुणाच्या लग्नाला निघालो आहोत.

पुन्हा पिंपरी पेंढार

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास मी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. आईंनी हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि टीव्हीसमोर खाली बसल्या. सुनीता त्यांच्या मागे. आप्पा बाजेवर बसून दाराबाहेर बघत होते.

चित्र सुरू झालं. आवाज घुमला, "ते बघा. त्या खोडाच्या ह्या अंगाला."

"लई चांगलं आलंय ह्यांचं तोंड," आई म्हणाल्या. त्यांनी मान पुढे काढली. "तिथनं जरासं खाली," आप्पा टीव्हीतून सांगत होते. "त्यो धोंडा दिसतोय का?" त्यांचा हात वर गेला आणि चित्राच्या बाहेर गेला. त्यांच्या खांद्यामागे तपकिरी आणि राखी रंग एकमेकांत मिसळून तरंगत होते. कुठे एक काळसर डाग, कुठे एक फिकट.

आई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. टीव्हीपाशी गेल्या आणि पदराने काच पुसली. एकदा पुसली, मग पदराचा दुसरा शेव घेऊन परत पुसली.

"मागलं दिसंना झालंय," त्या म्हणाल्या. "जरा साफ करा की, पावणं."

लग्नातल्या पाहुण्यांना मी हजारदा समजावलं असेल, पण या बाईला कसं सांगायचं की हे काचेवर नाही, हे मीच असं काढलं आहे, आणि मुद्दाम काढलं आहे, चांगलं दिसावं म्हणून. मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. सुनीता माझ्याकडे बघत राहिली. ती लग्नाआधीपासून माझी शूटिंगं बघते, तिला माझ्याआधी कळलं होतं.

"म्हंजे ते कॅमेऱ्यात न्हाई?" आईंनी विचारलं.

"आहे, पण दिसणार नाही."

"मग नाय म्हणा की." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला तेवढं तीन वेळा पुन्हा लावायला सांगितलं आणि दर वेळी, आप्पांचा हात चित्राबाहेर गेला की, त्या टीव्हीच्या कडेच्या भिंतीकडे बघत.

त्या रात्री मी काही जेवलो नाही. मिलिंद समजूत घालत होता, पण मनात एकच चाललं होतं. चित्रात नाही ते नाही, पण मी तिथे होतो की. आप्पांनी माझ्यासमोर बोट दाखवलं होतं. मी आठवून बघितलं. त्यांच्या पापण्या आठवल्या, हनुवटीवरचे पांढरे खुंट आठवले. बोट कुठे होतं ते आठवेना, कारण मी बघितलंच नव्हतं. डोळा नळीत होता. आप्पा निदान विसरले तरी. माझ्याकडे विसरायलासुद्धा काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल गेला आणि झोपा केला या चालीवर जुन्नर गाठलं. स्टुडिओवाल्याने चित्र कॉम्प्युटरवर घेतलं, धार वाढवून बघितली, तर डाग होते ते आणखी खरबरीत डाग झाले. मग तो म्हणाला की आता एआयचं एक नवीन आलंय, ते काहीही साफ करतं. त्याने ते चालवलं. आप्पांच्या मागे एक हिरवंगार झाड उगवलं आणि त्याच्या शेजारी लाल कौलांचं एक घर.

"हे कोकणातलं वाटतंय," मिलिंद म्हणाला.

स्टुडिओवाला ओशाळला. "ते मनानं भरतंय राव," तो म्हणाला. "त्याला तरी कुठं ठावं हाय."

शेवटचा दिवस

परतायच्या आदल्या दिवशी आईंनी ठरवलं की त्या स्वतः येणार. सुनीताने, मिलिंदने परोपरीने सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. त्या आणि आप्पा पुढे मिलिंदशेजारी बसले, मी आणि सुनीता मागे. आईंनी पदराच्या गाठीला मेणबत्ती आणि अगरबत्त्या बांधल्या होत्या. लवकर निघायचं होतं, पण आप्पा अंघोळीला जाईनात, गाडीत बसेनात, त्यात सकाळ गेली. घोडेगाव ओलांडलं तेव्हा त्यांनी मिलिंदला विचारलं की गाडीचं भाडं कुणी ठरवलंय.

जिथे रस्ता गाळात संपतो तिथून मिलिंदने आईंना पाठुंगळीला घेतलं. आयुष्यभर लेकरं आणि ओझी वाहिलेली ती बाई मुलाच्या पाठीवर लहान मुलीसारखी दिसत होती. मला मान वर करून बघवेना.

खाली आम्ही मोबाईलवर चित्र धरून जागा जुळवायला लागलो. हा काळा डाग म्हणजे ते खोड असेल, हा फिकट म्हणजे ते जोतं. पण खोडं ढिगाने होती, आणि कुठल्याही खोडाकडे डोळे अर्धवट मिटून बघितलं की तसाच काळा डाग दिसायचा. मी कुठे उभा होतो तेही सापडेना. म्हशींचे कळप पाण्याला येऊन गेले होते, सगळीकडे खुरांचे ठसे. ट्रायपॉड असता तर त्याची तीन भोकं तरी राहिली असती मातीत. आणि उभे धोंडे म्हणाल तर पुष्कळ.

"आवं," आई आप्पांना म्हणाल्या, "दावा की. आपली पोरगी."

आप्पांनी एका खोडाकडे बोट केलं. आई तिकडे निघाल्या तर त्यांनी दुसरीकडेच बोट केलं. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "लई ऊन झालंय. घरी चला."

आई उभ्याच राहिल्या. वारा सुटला होता, पाण्यावरून येत होता. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"पावणं, तुमी व्हता न्हवं त्या दिशी ह्यांच्यासंगं? तुमी दावा."

सुनीता काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मला खरं सांगायचं होतं. पण ती म्हातारी बाई पोराच्या पाठीवरून इथवर आली होती, पदराला मेणबत्ती बांधून, आणि तिला कुठलीच जागा न देता परत वर न्यायचं मला धारिष्ट झालं नाही. समोर एका खोडाखाली एक धोंडा बऱ्यापैकी उभा होता.

"तो," मी म्हणालो. "त्या धोंड्याच्या बुडाशी."

माझा आवाज अगदी खात्रीचा आला. आई गेल्या. सुनीताचा हात धरून खाली बसल्या, मातीवर तळवा ठेवला, हलकेच, निजलेल्याला चाहूल लागू नये तसा. काही तरी पुटपुटल्या. गाठ सोडून मेणबत्ती काढली. काडी वाऱ्याने विझली, दुसरीही विझली. मिलिंद आडोसा करायला वाकला.

"तिथं न्हाई," आप्पा म्हणाले.

ते आमच्या मागे उभे होते. आईंनी मान वळवली. "मग कुठं?"

आप्पांनी सगळीकडे बघितलं. एकेका खोडावर नजर ठेवत, एकेका दगडावर. काहीतरी त्यांच्या ओठांवर येत होतं, आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं. "आत्ता व्हतं," ते म्हणाले. "आत्ता ध्यानात व्हतं."

अलीकडे ते सगळ्यालाच न्हाई म्हणतात. चहाला न्हाई, अंघोळीला न्हाई. हे न्हाई त्यातलंच होतं की त्यांना खरोखर तेवढं आठवत होतं, हे मला कधीच कळणार नाही.

आईंनी मला विचारलं, "तुमी बघितलं व्हतं का खरंच?"

"नाही, आई," मी म्हणालो. "मी यांच्या तोंडाकडे बघत होतो."

त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. मेणबत्ती तशीच हातात होती. मिलिंद म्हणाला, "आई, ऊठ, जाऊया." त्या उठल्या नाहीत. मीही पुढे होऊन हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"बसू द्या मला," त्या म्हणाल्या. "कुठंतरी बसायलाच पायजे."

आप्पा हळूहळू त्यांच्याजवळ गेले. थोडा वेळ त्यांच्याकडे आणि मग त्या उघड्या पडलेल्या जोत्यांकडे बघत उभे राहिले.

"आपलं गाव अजून लई लांब हाय का?" त्यांनी विचारलं.

"आलं," आई म्हणाल्या. "बसा."